दारातली जोडपी

रविवारी सकाळी लेकीचा हात धरून दिंडोशीला मेट्रोत बसा. राष्ट्रीय उद्यान स्थानकावर उतरा, उद्यानातून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपाशी पोहोचा आणि पायऱ्या चढता चढता अठराशे वर्षं मागे जा.

आधी ऐकू येतात छिन्न्या. दुसऱ्या शतकाचा शेवट आहे, राजा यज्ञश्री सातकर्णीचं राज्य आहे. ज्याला आज आपण लेणं क्रमांक 3 म्हणतो, त्याच्या अंगणात कपच्यांचा खच पडलाय. ओसरीच्या दोन्ही टोकांना सात मीटरचे बुद्ध दिसतील म्हणून लेक धावत जाते आणि कोऱ्या भिंतीपुढे थबकते. "बाबा, बुद्ध कुठे गेले?" गेले नाहीत गं, यायचेत अजून. त्यांना यायला आणखी तीनेक शतकं आहेत.

आत शिरा. सव्वीस मीटर लांबीचं दालन, शेवटी स्तूप. डोंगर वरून खाली पोखरत आणलाय. छत आधी, जमीन शेवटी. तुमच्या डोळ्यांत दगडाची धूळ जाते, लेक शिंकते. एक कारागीर खांबाच्या माथ्यावर हत्ती घडवतोय. पलीकडचे खांब नुसते अठपैलू, साधे.

बाहेर या आणि दाराशी थांबा, कारण मला तुम्हाला खरं दाखवायचंय ते इथे आहे. दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत. पुरुषांच्या डोक्याला पागोटी, बायकांच्या पायांत जाडजूड वाळे, उभं राहण्यात केवढा रुबाब! लेक त्यांच्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहते. राहू द्या तिला.

हे चैत्य, म्हणजे स्तूपाचं दालन, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी करवलं. तसा लेख इथे कोरलेला आहे आणि त्यात देखरेख करणाऱ्या भिक्षूची, दगड फोडणाऱ्यांची, अगदी दगड घासून गुळगुळीत करणाऱ्याचीही नोंद आहे. मेक्सिकोच्या आखाताकाठी ओल्मेक लोकांनी याआधी हजाराहून अधिक वर्षं बेसॉल्टची अजस्र डोकी घडवली. आजवर 17 सापडली आहेत. ती कुणाची आणि कुणी घडवली, हे एकाही दगडावर लिहिलेलं नाही. आपल्या डोंगरावर पॉलिश करणाऱ्यालाही जागा मिळाली, याचा मला फार अभिमान वाटतो.

इतर लेण्यांचे दाते सोपाऱ्याचे, कल्याणचे, चौलचे, नाशिकचे. कुणी खोली दिली, कुणी पाण्याची पोढी. एका पोढीपाशी लेकीला वाकून पाहू द्या. पावसाचं पाणी चरांतून वाहत इथे साठतं आणि भिक्षूंना उन्हाळ्यात पुरतं.

आता आजच्या दिवसात परत या आणि पुन्हा खांब बघा. साधे होते ते अजून साधेच आहेत. नक्षीचं काम कधी पुरं झालंच नाही. लेकीला कागद-पेन्सिल द्या आणि सांगा, यातल्या एका खांबाच्या माथ्यावर काय हवं ते काढ.