गर्भवती व प्रसूता स्त्रियांमधील अन्नसुरक्षेची जाणीव : ओमान

दूषित अन्नापासून गर्भवतीला, प्रसूतेला आणि तिच्या अर्भकाला होणारा अपाय ओळखणे, आणि खरेदी, साठवण, पाकक्रिया व वाढप या चारही ठिकाणी तदनुसार खबरदारी घेणे, असा या जाणिवेचा सामान्य आशय आहे. ओमानच्या सल्तनतीत तिचा स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण १९७० साली सुलतान काबूस बिन सईद गादीवर आल्यानंतर एका पिढीच्या अवधीत ज्या देशाची आरोग्यव्यवस्था इतकी सुधारली, की २००० सालच्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने एकंदर कामगिरीच्या दृष्टीने तिला जगात आठवे स्थान दिले, त्याच देशात पशुपालक आणि दर्यावर्दी जीवनातल्या आहाररीती अद्याप जिवंत आहेत. प्रसूती रुग्णालयात होत असली, तरी बाळंतीण जेवते ती घरच्याच चुलीवरचे.

गर्भारपणात शरीराची पेशीजन्य प्रतिकारशक्ती काहीशी मवाळ होते, आणि त्यामुळे इतरांच्या बाबतीत क्षुल्लक ठरणारे काही जंतू गर्भवतीच्या बाबतीत घातक ठरतात. लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हा त्यांतील सर्वांत कपटी होय. शीतकपाटातील ४ अंश सेल्सियस तापमानातही तो वाढत राहतो. अन्नाची चव किंवा वास तो बिघडवत नाही. दूषित पदार्थ पोटात गेल्यापासून लक्षणे उमटेपर्यंत कधीकधी ७० दिवसही लोटतात. आणि आईला किरकोळ तापाहून अधिक काही जाणवले नसतानाच तो वारेतून गर्भापर्यंत पोहोचून गर्भपात, मृतजन्म अथवा नवजाताचा मस्तिष्कावरणदाह घडवून आणतो. हा रोग अन्नातून पसरतो याचा निर्विवाद पुरावा कॅनडात १९८१ साली कोबीच्या कोशिंबिरीमुळे उद्भवलेल्या साथीतून मिळाला, आणि १९८५ साली लॉस एंजेलिस परिसरात मऊ चीजमुळे पसरलेल्या साथीत गर्भवती व त्यांची अर्भके यांचाच भरणा अधिक होता. कच्च्या मांसातून आणि मातीने माखलेल्या भाजीतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीही याच वर्गातला.

ओमानपुरता मात्र सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न दुधाचा आहे. दक्षिणेकडील धोफार प्रांतात, सलालाच्या पाठीशी असलेल्या ज्या डोंगराळ मुलखाला जून ते सप्टेंबर या खरीफाच्या महिन्यांत पावसाच्या झिमझिमीने हिरवा साज चढतो, तेथे गाई, उंट आणि शेळ्या यांचे कळप पाळणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, आणि नुकतेच काढलेले धारोष्ण दूध, विशेषतः सांडणीचे, पाहुण्याला देणे हा आदराचा भाग, तर ते तापवणे म्हणजे त्याचा गुण घालवणे, अशी समजूत तेथे रूढ आहे. याच प्रांतात ब्रुसेलोसिस हा रोग ठाण मांडून बसला आहे. त्याचा जंतू १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस याने शोधला, आणि तो शेळीच्या दुधातून माणसांत येतो हे थेमिस्टोक्लीस झॅमिट याने १९०५ साली दाखवून दिले. चढउतार होणारा ताप, सांधेदुखी, घाम, अशी त्याची लक्षणे सर्वसाधारण अशक्ततेत सहज लपून जातात, आणि गर्भारपणातील थकव्यात तर हमखास; परंतु त्यातून गर्भपात होऊ शकतो. ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद एवढी उष्णता या जंतूंच्या नाशाला पुरते, म्हणजे मराठी घरात रोज सकाळी दुधाला उकळी आणण्याचा जो नित्यक्रम कोणी न शिकवता चालत आला आहे, त्याचेच येथे प्रयोजन आहे. कळपाचे लसीकरण आणि जनावरांची तपासणी हे सरकारी खात्याचे काम. तथापि चुलीवर भांडे चढवायचे की नाही, याचा निर्णय त्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या हाती असतो.

उष्म्याचा प्रश्न तेवढाच बिकट आहे. मस्कतमध्ये उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि शिजवलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांहून अधिक, किंवा हवा ३२ अंशांहून उष्ण असल्यास एका तासाहून अधिक, बाहेर राहू नये, हा सर्वमान्य दंडक आहे. आता बाळंतिणीच्या घरचा प्रघात पाहावा : आप्तस्वकीयांची रीघ लागलेली, खजूर व कहवा यांच्या जोडीला कापलेली फळे आणि मांसाहारी भाताची मोठी परात सर्वांपुढे दिवसभर ठेवलेली. रमजानात इफ्तारसाठी दुपारीच केलेले पदार्थ सूर्यास्तापर्यंत थांबतात. धोफारमध्ये तप्त दगडांवर मांस भाजतात, ते बाहेरून करपले तरी आत कच्चे राहू शकते. गर्भवतीच्या वाट्याचे मांस पूर्ण शिजलेले असावे, हा साधा नियम येथे आतिथ्याच्या आड येतो, आणि यजमानाचे मन मोडणे तिला अवघड वाटते. हे संकोचाचे दडपण अज्ञानाहूनही अधिक अपाय करीत असावे, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

सागरी आहाराच्या बाबतीत पारदाचा मुद्दा उपस्थित होतो. तारली, बांगडा यांसारखी लहान मासळी गर्भवतीला हितकर आहे, आणि पारदाच्या भीतीने मासळीच सोडणे चूक. परंतु शार्क, तलवारमासा, मोठ्या जातींचे काही कुपे यांच्या देहात पारद साठत जातो व तो गर्भाच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरतो. वाळवलेला शार्क ओमानी किनारपट्टीवर आवडीने खातात. कोकणातही मोरीचे, म्हणजे शार्कचेच, कालवण बाळंतिणीस दूध येण्यासाठी देतात, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी.

बाळंतपणातील चाळीस दिवस ओमानी स्त्री बहुधा माहेरी घालवते. तूप, मध, मेथी आणि हब्बे रशाद यांचा खुराक तिला चढत्या प्रमाणात दिला जातो. हे हब्बे रशाद म्हणजे आपले अळीव, आणि खिरीतून वा लाडवातून ते खाणाऱ्या मराठी बाळंतिणीला या थाळीत परके काही वाटणार नाही. त्या आहारात बळ आहे आणि त्यामागील माया खरी आहे. मात्र प्रसूतेला पथ्यकर असलेला मध नवजाताला चाटवणे धोक्याचे असते, कारण मधातील क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून पक्षाघात घडवू शकतात. अर्भकांतील हा विकार १९७६ सालापासून वैद्यकास ज्ञात आहे. याहून भयंकर बाब बिंत अल् धहब या पारंपरिक चूर्णाची. मध आणि लोण्यात कालवून ते नवजाताला पोटशूळावर व पहिली शी लवकर व्हावी म्हणून देत असत. त्यात शिशाचे ऑक्साइड असल्याचे १९९० नंतरच्या दशकात ओमानमधील वैद्यांनी दाखवून दिले. शिशाने होणारी मेंदूची हानी पुरती भरून येत नाही.

शासकीय बाजू बऱ्याच अंशी सज्ज आहे. गव्हाच्या पिठात लोह व फोलिक आम्ल मिसळण्यास ओमानने १९९६ च्या सुमारास प्रारंभ केला. २००८ साली ८४/२००८ क्रमांकाच्या राजफर्मानाने अन्नसुरक्षेचा कायदा अंमलात आला. नगरपालिकांचे निरीक्षक उपाहारगृहांची झडती घेतात. पीठ, दुकान आणि बंदरावरील माल यांना हुकूम लागू पडतो. शीतकपाटातल्या उरलेल्या परातीला तो लागू पडत नाही, आणि तेथे प्रसूतिपूर्व तपासणीच्या वेळी परिचारिकेने सांगितलेल्या शब्दांवरच भिस्त राहते. तो उपदेश एकट्या गर्भवतीला होतो. पुढे तिच्यासाठी शिजवणारी तिची आई, सासू वा घरकामाची परदेशी स्त्री मात्र त्या खोलीबाहेर बसलेली असते. तपासणीला सोबत येणाऱ्या या दुसऱ्या स्त्रीलाही आत बोलावून, तिला समजेल अशा भाषेत, हाच पाठ द्यावा, एवढी सुधारणा खर्चाची नाही.

मस्कतमधील रुवी व मत्रा येथे वस्ती करून राहिलेल्या भारतीय कुटुंबांत माहेरची माणसे अनेकदा दूर असतात. मराठी घरात दूध तापते, परंतु पपई व अननस टाळण्याबद्दल जितकी दक्षता बाळगली जाते, तितकी रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताविषयी बाळगली जात नाही. अंगावर दूध पुरेसे नसल्यास वापरायची दूधभुकटीही निर्जंतुक नसते; म्हणून ७० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्यात ती कालवावी, बाळास सोसवेल इतकी निववून लगेच पाजावी, आणि दोन तासांत न संपल्यास उरलेली टाकून द्यावी.