सही कोणाची?

आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रे तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी १,९४८ पत्रांवर पालकांच्या सहीऐवजी अंगठ्याचे ठसे आढळले आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या. खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. ते मृत्यू बहुधा लसीमुळे झालेले नव्हते, असा चौकशी समितीचा निष्कर्ष होता. संमतीच्या प्रश्नाला मात्र त्यातून उत्तर मिळाले नाही. ऑगस्ट २०१३ मधील संसदीय स्थायी समितीच्या अहवालाने वरील आकडे देशासमोर मांडले.

या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेने स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरवली. परंतु जिला कायद्याने संमती देण्याची क्षमता आहे, अशीच व्यक्ती तिने गृहीत धरली होती. बालकाचे काय, याचे उत्तर १९६४ च्या हेलसिंकी घोषणेने दिले : कायदेशीर पालकाची संमती.

हे सारे वैद्यकीय प्रयोगांपुरते होते. सर्वेक्षणात सुई नसते, केवळ प्रश्न असतात. म्हणून तेथे हानी नाही, असा समज रूढ झाला. पण घरातील मारहाण, दारू किंवा उपासमार यांविषयी दिलेले उत्तर बाहेर फुटले, तर त्याची किंमत मूलच मोजते. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. संस्थाप्रमुखाची किंवा गावातील वजनदार व्यक्तीची परवानगी ही सहभागी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मुख्याध्यापक शाळेचे दार उघडू शकतात. मुलाच्या वतीने ‘हो’ म्हणू शकत नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुढचे पाऊल टाकले. पालकांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत लेखी होकार अपेक्षित धरला गेला.

तरीही एक पेच उरतोच. मारहाण करणारा पालकच असेल, तर त्याच्या सहीने मुलाचे रक्षण कसे व्हावे? अशा वेळी स्वतंत्र नीतिसमितीची बारीक छाननी आणि मुलाच्या नकाराचा मान, हेच आधार राहतात. सही कागदावर मिळते. विश्वास त्या दारात उभे राहून, समजेल अशा भाषेत बोलून मिळवावा लागतो. खम्ममच्या त्या कागदांवर नेमके तेवढेच राहून गेले होते.