क्रोमियम : रंगाच्या नावाचा धातू

मोटारसायकलच्या हँडलवरचा रुपेरी मुलामा म्हणजे क्रोम, एवढीच आपली ओळख. मग रुपेरी धातूचे नाव 'रंग' या अर्थाच्या ग्रीक 'ख्रोमा'वरून का? आक्षेप रास्त आहे. पण व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये हे मूलद्रव्य ओळखले ते उरल भागातल्या तांबड्या-नारिंगी शिसेखनिजात, आणि नाव पडले ते संयुगांच्या रंगांवरून. माणकाची लाली आणि पाचूची हिरवाई, दोन्ही क्रोमियमच्या अंशामुळेच. त्याच्या अर्धवट भरलेल्या डी-कक्षकांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाचा काही भाग शोषतात. भोवतालच्या अणूंची पकड बदलली, की शोषण बदलते आणि डोळ्यांना दिसणारा रंगही.

कोणी म्हणेल, मोरचूद निळे आणि हिराकस हिरवट, मग हा मान एकट्या क्रोमियमला का? खरेच, मोरचुदातले तांबे, हिराकसातले लोखंड अशा साऱ्या संक्रमण धातूंचा हा गुण. तांब्याशेजारच्या जस्ताचे डी-कक्षक पूर्ण भरलेले, म्हणून झिंक सल्फेट पांढरे. काटेकोर व्याख्येत जस्त या कुळात बसतही नाही. 'संक्रमण' हा शब्द आवर्तसारणीतली जागा सांगतो, 'क्रोमियम' मात्र कुळाचा स्वभाव. एकाला दिलेले हे नाव साऱ्या घराण्याला आडनाव म्हणून शोभले असते.