सभेतून निघालेली शाळा



आमच्या राजुरात कोळशाची खाण आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत. बारावी झालेल्या मुली पुढे शिकायला वणीला जातात. तिथे कॉलेजात कधी व्याख्यान असतं, कधी एखादा सिनेमा दाखवून त्यावर चर्चा होते. मुलगी घरी सांगते, "आज उशीर होईल, पोरांनीच कार्यक्रम ठेवला आहे." घरातून पहिला प्रश्न येतो, "परीक्षेत विचारणार आहेत का ते?" प्रश्न वावगा नाही. बसभाड्याचा आणि वेळेचा हिशेब घरालाच बघावा लागतो. म्हणून आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत. विद्यार्थ्यांनी भरवलेल्या अशा सभांमधून आपल्या बायांच्या पदरात काय पडलं, ते पाहू.

गोष्ट 1848 सालची आहे. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन नावाची मोठी शिक्षणसंस्था होती. तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांना सोबत घेऊन एक सभा काढली. नाव होतं स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. अध्यक्ष होते पॅटन नावाचे प्राध्यापक. सभासदांमध्ये तरुण दादाभाई नौरोजी होते, पुढे डॉक्टर म्हणून नाव कमावलेले भाऊ दाजी होते. एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, अशी या सभेची रीत. कामकाज इंग्रजीत चाले, पण इंग्रजी न येणाऱ्यांचं काय? म्हणून मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. 1850 पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही सुरू झालं. सभेत वाचलेले निबंध त्यात छापून येत. आम्ही रेडिओवर बोलतो आणि तुम्ही ते इथे वाचता, तशीच ही रीत म्हणा ना.

1849 च्या ऑगस्टमध्ये बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. अशा सभा बहुतेक वेळा टाळ्यांवर संपतात. त्या दिवशी पॅटन यांनी पोरांना विचारलं की नुसतं बोलणार आहात, की काही करणारही आहात? ते शब्द पोरांच्या मनाला लागले.

दादाभाईंनी पुढे म्हातारपणी या दिवसांच्या आठवणी सांगितल्या आहेत. ही मुलं घरोघर गेली. "तुमच्या ओसरीवर बसून तुमच्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवू द्या," अशी विनवणी त्यांनी केली. काही घरांनी आत बोलावलं. काही बापांनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. पोरं मागे हटली नाहीत. सकाळी मुलींना शिकवायचं आणि मग आपल्या कामाला लागायचं, तेही फुकट. थोड्याच महिन्यांत शाळा उभ्या राहिल्या. सुरुवातीला 44 पारशी आणि 24 हिंदू मुली येत होत्या. जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. पारशी समाजातल्या कामा घराण्याने पैशाची मदत केली. एका निबंधातून एवढं उभं राहिलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1848 मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. तो मान त्यांचाच आणि त्यांच्या वाट्याला आलेला त्रासही कितीतरी मोठा. पण मुंबईच्या गोष्टीतून एक वेगळी गोष्ट कळते. विद्यार्थ्यांची सभा दाराबाहेर पडली की तिच्यातून शाळा निघू शकते.

मात्र या सभेत एक उणीव होती. निबंध मुलींबद्दल, वाचणारे मुलगे आणि ऐकणारेही मुलगेच. ज्यांच्यासाठी एवढं चाललं होतं, त्या तिथे नव्हत्या. ही उणीव फुल्यांच्या शाळेतल्या एका मुलीने भरून काढली. तिचं नाव मुक्ताबाई. ती मातंग समाजातली, वयाने अजून पोरच. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या समाजावर होणारा अन्याय तिने स्वतःच्या शब्दांत मांडला. लोक जिच्याविषयी बोलायचे, ती आता स्वतः बोलू लागली होती.

पुढचं शतक आम्ही भरभर ओलांडतो. 1950 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं तिथे आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि 1955 मध्ये ते बाबासाहेबांसमोर झालं. पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख कॉलेजच्या रंगमंचावर आलं. दलित साहित्यातले कितीतरी लिहिते हात याच परिसरात घडले.

मग बायाही मंचावर आल्या. 1975 मध्ये मुंबईत स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली. 1983 मध्ये ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक तिने रंगमंचावर आणलं. हे नाटक विद्यार्थ्यांनी काढलं नव्हतं, पण कॉलेजांपासून वस्त्यांपर्यंत ते फिरलं आणि त्यात बाया स्वतःच्या तोंडाने स्वतःची गोष्ट सांगत होत्या.

अशा कार्यक्रमांची किंमतही मोजावी लागते, हेही सांगायला हवं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट दाखवला. 1997 मध्ये मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारात 10 जणांचा जीव गेला होता. माहितीपट तिथून सुरू होतो. तो तयार व्हायला 14 वर्षं लागली. कार्यक्रम संपल्यावर विद्यार्थ्यांना मारहाण झाली. पडद्यावर चित्र बघणं ही काहींना एवढी धोक्याची गोष्ट वाटते, याचा अर्थ त्यात दम आहे.

तेव्हा "परीक्षेत विचारणार आहेत का?" याचं आमचं उत्तर असं, की नाही विचारणार. पण मुलींची शाळासुद्धा कधीकाळी कुठल्या परीक्षेत विचारली नव्हती.

कार्यक्रम भरवणाऱ्या मुला-मुलींनाही आमचं सांगणं आहे. सभा दुपारी ठेवा. शेवटची बस चुकेल म्हणून खेड्यातली मुलगी अर्ध्यातून उठून गेली, तर 1849 च्या खोलीत आणि तुमच्या हॉलमध्ये फरक काय उरला? बायांवर बोलणार असाल तर निदान एक तरी बाई बोलायला उभी करा. ती भट्टीवर काम करणारी असली तर अधिक चांगलं. आणि सभा संपली की पॅटन यांचा प्रश्न एकमेकांना विचारा.

आणि आयांनो, मुलगी उशीर होईल म्हणाली, तर नाही म्हणण्याआधी विषय काय आहे ते विचारा. जमलं तर एखाद्या वेळी तिच्यासोबत जाऊन मागच्या रांगेत बसा. घरी परतताना रस्त्यात दोघींना बोलायला पुष्कळ मिळेल.