मुलांना घेऊन फिरावयास जाणें

रविवारीं दुपार कलल्यावर मुंबईच्या राणीच्या बागेपाशीं, पुण्याच्या सारसबागेपाशीं, किंवा एखाद्या लहान शहराच्या तलावाकांठीं घटकाभर उभें राहिलें, तर एक दृश्य हटकून दिसतें. बापाच्या कडेवर धाकटें मूल, आईच्या एका हातांत मोठ्याचें बोट व दुसऱ्या हातांत खाऊची पिशवी, आणि मोठ्याचें लक्ष फुगेवाल्याकडे. हें दृश्य इतकें परिचयाचें झालें आहे कीं, तें केव्हांपासून दिसूं लागलें असा प्रश्नहि कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या इतिहासकारांनीं लढाया, तह, वतनें व जमाबंदी यांवर पुष्कळ शाई खर्च केली. परंतु मराठी गृहस्थ स्वतःचें मूल उचलून, बायकोसह, भर रस्त्यानें केव्हां चालूं लागला, याची चौकशी करण्याचें त्यांना कारण पडलें नाहीं. आमच्या मतें ही चाल दीडशें वर्षांहून फारशी जुनी नाहीं. आणि तिचें जें कारण सामान्यतः सांगण्यांत येतें, तेंहि खरें नाहीं.

जुन्या एकत्र कुटुंबांत मूल हें आईबापांचें नसे, घराचें असे. वडील माणसांच्या समोर बापानें आपल्या मुलास उचलून घेणें ही अमर्यादा समजली जाई. पुतण्याला खांद्यावर घेऊन तो गांवभर हिंडेल. पण स्वतःचें पोर ओसरीवर रडत असलें तर पोथींतली मान वर करणार नाहीं. त्या पोराचे लाड आजोबांनीं करावे, काकांनीं करावे. बापानें करूं नयेत. या रीतीचा पुरावा दप्तरांत शोधावयास नको, तो आपल्या तोंडांतच आहे. कित्येक घरांतून मुलें बापाला ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणत आणि आईला ‘वहिनी’ किंवा ‘काकू’ म्हणत. धाकटे दीर जिला वहिनी म्हणून हांक मारीत, तिला तिचीं स्वतःचीं मुलेंहि त्याच नांवानें हांक मारूं लागत, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नसे. मूल जें नातें ऐके तें बोले. आणि घरांत त्याच्या कानीं पडे तें पतिपत्नींचें किंवा बापलेकांचें नातें नसून सगळ्या कुटुंबाचें नातें असे.

तरी तें मूल घरांत कोंडलेलें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. आजच्या मुलापेक्षां तें बाहेर अधिकच जाई. फक्त जाण्याचे सोबती निराळे असत. आजीबरोबर तें देवळांत जाई, पुराणाला जाई, कीर्तनाला जाई, तेथें पूर्वरंग संपण्यापूर्वींच तिच्या मांडीवर निजे आणि कोणाच्या तरी खांद्यावरून घरीं येई. आईबरोबर तें बैलगाडींतून आजोळीं जाई. पण त्या वेळीं गाडीपुढें बाप नसे, मुराळी म्हणून आलेला मामा असे. जत्रेंत लांकडी पाळण्यांत बसावें, पिपाणी व भिरभिरें घ्यावें, रेवड्या खाव्या, हें सर्व त्याच्या वांट्याला येई. पण तेथेंहि तें ज्याच्या खांद्यावर बसे, तो बहुधा काका, मामा किंवा घरचा गडी असे. कार्तिकांतल्या आवळीभोजनाला तर सगळें घरच बाहेर पडे. आवळ्याच्या झाडाखालीं चुली मांडल्या जात, तेथेंच स्वयंपाक होई, आणि दिवसभर पोरें झाडांवर व विहिरीच्या कांठावर धुमाकूळ घालीत. ही सहलच होय. आणि आजच्या कोणत्याहि सहलीहून ती अधिक गजबजलेली असे. पण पंगती उठत त्या आधीं पुरुषांच्या व मग बायकांच्या. नवरा, बायको व त्यांचीं दोन मुलें अशीं चौघेंच एका झाडाखालीं बसून जेवलीं, अशी कल्पनाहि त्या मंडळींस शिवली नसती. आणि शिवली असती, तर त्यांना ती चौघें घरांतून रुसून बाहेर पडलीं आहेत असें वाटलें असतें.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगावीशी वाटते. पेशवाईच्या उत्तरकाळांत पर्वतीनजीक सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, व त्यांत हरणांपासून सिंहगेंड्यांपर्यंत जनावरें बाळगलेलीं होतीं. महाराष्ट्रांत एखाद्या मुलाच्या हौसेखातर जोपासलेली प्राण्यांची बाग म्हणून पाहूं गेल्यास हिचेंच नांव प्रथम घ्यावें लागेल. परंतु ज्याच्यासाठीं ती होती, त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच, १७७३ सालीं, मारेकऱ्यांच्या हातून मेला होता, आणि आई तो तीन वर्षांचा असतां १७७७ सालीं वारली. वाघसिंह दाखवावयास कारभारी होते, हुजरे होते, मानकरी होते. बोट धरावयास मात्र आईबाप नव्हते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ही चाल साहेबापासून आली, असें सुधारकांनींहि सांगितलें व त्यांच्या विरोधकांनींहि सांगितलें. पहिल्यांनीं अभिमानानें, दुसऱ्यांनीं तिरस्कारानें. पण साहेबाचें घर पाहिलें तर हें म्हणणें टिकत नाहीं. हिंदुस्थानांत राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचें मूल संध्याकाळीं हवा खावयास जाई तें आयेबरोबर. तें सहासात वर्षांचें झालें, कीं त्याची रवानगी विलायतेस होई आणि पुढें वर्षानुवर्षें आईबापांस त्याचें दर्शन घडत नसे. खुद्द विलायतेंतहि संपन्न घरांतील मूल दाईच्या खोलींत वाढे. तेव्हां मराठी कारकुनानें हा धडा साहेबाच्या बंगल्यावरून गिरविला असें म्हणावें, तर तो त्या बंगल्यावर कधीं वळविलाच गेला नव्हता.

आमचें म्हणणें असें आहे कीं, ही चाल हौसेंतून निघाली नाहीं, अडचणींतून निघाली. आणि त्या अडचणीचें नांव बिऱ्हाड. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें अशी आगगाडी सुरू झाली, १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला, आणि कोंकणांतला व देशावरचा शिकलेला तरुण कचेऱ्यांतून, शाळांतून व पेढ्यांतून नोकरीसाठीं दूर जाऊं लागला. प्रथम तो एकटा राही व खाणावळींत जेवी. पुढें त्यानें बायकोला आणून एका खोलींत बिऱ्हाड केलें. त्या खोलींत सासू नव्हती, जाऊ नव्हती, चुलतआजी नव्हती. मर्यादा ठेवावयाची ती कोणापुढें? आणि बाजारांत जातांना मूल सोंपवावयाचें तें कोणाकडे? आईनें दळणाची पाटी उचलली, कीं मूल बापाच्या हातांत जाणारच. न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनीं आपल्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध केल्या. पुण्याच्या घरांत वडील बायकांच्या देखत त्यांना शिक्षणापायीं काय सोसावें लागलें, आणि परगांवच्या बदलीच्या ठिकाणीं संसार कसा मोकळा झाला, हें ज्यांनीं त्या पुस्तकांत वाचलें असेल, त्यांस बिऱ्हाड या शब्दाचें सामर्थ्य निराळें सांगावयास नको. बदलीच्या एका हुकुमानें घरांत जेवढी सुधारणा झाली, तेवढी शंभर व्याख्यानांनीं झाली नसेल.

पण खोली लहान, आणि मुलाला तर हिंडावयास पाहिजे. वाडा नाहीं, अंगण नाहीं, गोठा नाहीं. आहे ती चाळीची गॅलरी. तेव्हां मुलाला घेऊन कोठें तरी जाणें भाग पडलें, आणि त्याच काळांत ‘कोठें’ याचें उत्तर शहरानें तयार ठेवलें होतें. भायखळ्याची राणीची बाग १८६२ च्या नोव्हेंबरांत लोकांसाठीं उघडली. ही बाग मुलांसाठीं काढलेली नव्हती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ती शेतकी व बागाईत यांची सुधारणा करूं इच्छिणाऱ्या एका मंडळीची बाग. तेथें दूरदेशींचीं झाडें लावावीं व त्यांचा अभ्यास व्हावा हा हेतु. तिच्याच आवारांत १८७२ सालीं जें संग्रहालय उघडलें, तें या प्रांतांतील कच्चा माल व कारागिरी यांचे नमुने मांडण्यासाठीं. त्याच्या उभारणीस नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनीं अंग झिजविलें. १८७३ सालीं बाग म्युनिसिपालिटीकडे आली, आणि पुढें तेथें जनावरांचे पिंजरे वाढत गेले. झाडांच्या बुंध्यांवरील लॅटिन नांवें वाचावयास किती लोक गेले असतील तें असो. वाघ पाहावयास मात्र सगळी मुंबई लोटली, आणि वाघ पाहावयाचा तो मुलांच्या निमित्तानें. प्रौढ गृहस्थाला नुसता वाघ पाहण्याची लाज वाटते. पोर कडेवर असलें कीं वाटत नाहीं.

त्या आवारांतला दगडी हत्तीहि या इतिहासांत बसतो. घारापुरीच्या बेटास फिरंग्यांनीं ज्याच्यावरून एलिफंटा असें नांव दिलें तोच हा हत्ती. १८६४ सालीं तो इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना तो फुटला, म्हणून येथेंच राहिला. आणि पुढें तुकडे सांधून बागेंत उभा करण्यांत आला. पुराणवस्तूंच्या शोधकांना त्याचें मोल निराळें असेल, पण दगडी हत्ती खरा आहे कीं खोटा, हा वाद त्याच्यापुढें किती मुलांनीं आपल्या बापांशीं घातला असेल याचा हिशेब कोण देणार?

जाण्याचीं साधनेंहि होतीं. भायखळ्याला आगगाडीचें स्थानक होतेंच; १८७४ सालीं मुंबईंत घोड्यांची ट्राम आली, १९०७ सालीं विजेची आली, आणि ती १९६४ पर्यंत चालली. या गाड्यांनीं आमच्या घरांत आणखी एक गोष्ट शिरकविली. मुलाचें जन्मनक्षत्र सर्वांस ठाऊक असे; पण त्याचें वय नेमकें किती, ही पंचाईत अर्ध्या तिकिटानें उत्पन्न केली. सत्यवचनी गृहस्थांच्या मुलांचीं वयें आगगाडींत एकदोन वर्षांनीं उतरतात, हा चमत्कार तेव्हांपासूनचा.

साधन झालें, स्थळ झालें. पण दिवस कोणता? जुन्या सुट्ट्या तिथींच्या असत. प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या या अनध्यायाच्या दिवशीं शाळा बंद. पण बापाचें शेत किंवा दुकान अष्टमीस बंद नसे. बाप आणि मूल एकाच दिवशीं मोकळीं होऊं लागलीं तीं रविवारामुळें. कचेरींतल्या कारकुनाला हा रविवार सरकारी रिवाजानें आयता मिळाला. गिरणींतल्या मजुराला तो मागून घ्यावा लागला. १८८४ सालीं परळ येथें गिरणीकामगारांच्या सभा भरवून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुढें मांडली. आणि रविवारच कां, तर तो खंडोबाचा वार आहे, असें त्यांनीं सांगितलें. सहा वर्षांनंतर, १८९० च्या जूनमध्यें, मालकांनीं ती कबूल केली, व १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुट्टी सर्वांस मिळाली. दुकानांतील नोकरांस ती देणारा मुंबई प्रांताचा कायदा तर १९३९ चा.

ज्यांस आमच्या या लेखांत केवळ घरगुती गंमत दिसत असेल, त्यांनीं येथें थोडें थांबावें. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांच्या मुलास गिरणींत नऊ तास राबविण्याची मुभा होती. दहा वर्षांनीं ती मर्यादा नऊ वर्षांची व सात तासांची झाली. म्हणजे ज्या पिढींत कारकुनाचें मूल बापाच्या कडेवर बसून वाघ पाहत होतें, त्याच पिढींत परळच्या चाळींतलें त्याच वयाचें मूल बापाच्या मागोमाग गिरणीच्या फाटकांत शिरत होतें. बाप व मूल एकत्र घराबाहेर पडत तीं अशीं. लोखंड्यांनीं मिळविलेला रविवार हा त्या मुलाचाहि पहिला रविवार होय. मुलांना घेऊन फिरावयास जाण्याच्या इतिहासांत बागा बांधणाऱ्यांचीं नांवें दगडावर कोरलीं गेलीं. दिवस मिळवून देणाऱ्याचें नांव आमच्या मतें त्यांच्याआधीं घेतलें पाहिजे.

सुट्टी मिळाली तरी चालावयाचें कसें, हा प्रश्न राहिलाच. आरंभीं नवरा दहा पावलें पुढें आणि बायको मागें, असाच क्रम असे. तो क्रम मोडला मुलानें. तें आईच्या कडेवर असलें तर आई मागें पडते आणि तें बापाकडे झेंपावतें. बापाकडे दिलें तर आईसाठीं रडतें. दोघांचे हात धरून मध्यें चालावयाचा हट्ट त्यानें धरला, कीं नवराबायकोंना एका ओळींत यावेंच लागतें. खाण्याचेंहि तसेंच. घरून निघतांना दुधांत भिजविलेल्या दशम्या आणि फिरकीचा तांब्या बरोबर घ्यावयाचा, बाहेरचें कांहीं खावयाचें नाहीं, हा नियम. मुलासाठीं म्हणून प्रथम फुटाणे आले. ते भाजलेले, म्हणून त्यांस दोष कमी. मग शेंगा आल्या. भेळेपर्यंत मजल केव्हां गेली तें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

या सगळ्यांत तोटा कोणाचा झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर इतिहास एकांगी होईल. तोटा आजीचा झाला. ती गांवीं राहिली. जें मूल तिच्या मांडीवर कीर्तन ऐकत निजावयाचें, तें आतां वर्षांतून एकदां मे महिन्याच्या सुट्टींत तिला भेटूं लागलें, आणि तेंहि प्रथम दोन दिवस तिच्यापाशीं येईना. वडील मंडळी बिऱ्हाडाला नांवें ठेवीत, ती केवळ सोंवळ्यासाठीं नव्हे. त्यांच्या रागाला सुधारकांनीं जुनाटपणा म्हटलें. आम्हांस त्या रागाच्या बुडाशीं पुष्कळसें दुःख दिसतें. बापाला जें मूल मिळालें तें कोणाच्या तरी मांडीवरून उठून आलें होतें.

पुढचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. दादरला शिवाजी पार्कचें मैदान १९२५ मध्यें खुलें झालें. मुलांसाठींच म्हणून स्थळें आंखणें हें मात्र स्वातंत्र्यानंतरचें काम. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चें; मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यान व त्यांतला म्हातारीचा बूट १९५२ चा; पुण्याची पेशवे पार्क १९५३ ची, आणि तिच्यांतली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ ची. पेशवे पार्कमधील जनावरें पुढें कात्रजला हलविलीं. भायखळ्याची बाग जागच्या जागींच राहिली, पण १९६९ सालीं तिला वीरमाता जिजाबाईंचें नांव देण्यांत आलें. ज्या मातेनें आपलें मूल पुण्यांत वाढविलें आणि ज्या मुलाचा बाप बहुतेक काळ दूर कर्नाटकांत राहिला, तिचें नांव या बागेला मिळालें. तरी ट्राम बंद पडून साठ वर्षें होऊन गेलीं असतांहि मुंबईचीं मुलें हट्ट धरतात तो राणीच्या बागेंत जावयाचा.