न्यूमोनिया : प्रतिजैविक उपचारांची राष्ट्रीय मार्गदर्शिका

रुग्णालयाबाहेर, घरीदारी जडलेल्या न्यूमोनियावर कोणते प्रतिजैविक, किती मात्रेत, किती दिवस द्यावे, यासाठी देशपातळीवर ठरवलेला लेखी आधार. तो लागतो, कारण उपचार अंदाजानेच सुरू करावे लागतात. जंतू कोणता हे सांगणारा कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात. धाप लागलेला रुग्ण मुंबईत असो वा परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठला, औषधाची पहिली मात्रा त्याआधीच मिळायला हवी.

प्रौढांसाठी इंडियन चेस्ट सोसायटी आणि नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स यांनी २०१२ मध्ये संयुक्त मार्गदर्शिका काढली. राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राची २०१६ मध्ये आली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ मध्ये; तिची दुसरी आवृत्ती २०१९ ची. २०१२ च्या मार्गदर्शिकेतली एक सूचना आपल्या देशात फार मोलाची आहे : लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे अंदाजाने सुरू करू नयेत. ती क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबतात, रुग्णाला तात्पुरता उतार पडतो आणि क्षयाचे निदान लांबते.

लहान मुलांच्या उपचारांचा महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातच उभा राहिला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ५८ गावांत आरोग्यसेवक व दायांच्या हाती कोट्रायमोक्साझोल दिले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिथे उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. न्यूमोनियात श्वास जलद होतो; तो मोजायला अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मण्यांचे साधन बनवले होते. वाळूचे घड्याळ उलटायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. मार्गदर्शिका वापरणाऱ्याच्या हाताला कशी बसवावी, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

औषध मात्र बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या सुधारित शिफारशींत पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला आहे. श्वास मोजण्याची रीत टिकली : दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळात मिनिटाला ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक. छाती आत ओढली जात असेल, तर तेही न्यूमोनियाचेच लक्षण. बाळ पीत नसेल, तर रुग्णालय गाठायचे. २०१९ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘सांस’ मोहिमेत रुग्णालयात पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देण्याचे काम आशाताईंकडे आले.