आठवा हिस्सा

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरत असताना मावशीचा फोन आला. इंग्लंडमधल्या मावसभावाने चार आसनांच्या छोट्या विमानात आठवा हिस्सा घ्यायचे ठरवले होते. करारनामा मी तिला मराठीत समजावून सांगावा, असा त्याचा निरोप. मावशीने एकच विचारले, ‘‘अगं, आठवा हिस्सा म्हणजे नेमके काय? पंख की शेपूट?’’

मी हसले, पण उत्तर सुचेना. ‘वाटा’ म्हटले की आमच्या घरात भिंत उभी राहते. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ विहिरीवरून वेगळे झाले ते कायमचे.

गंमत म्हणजे या प्रश्नाचा खल मराठी घराण्याने काशीतच केला आहे. एकनाथांनी भागवत 1573 साली काशीत पुरे केले. परंपरा सांगते, ते याच घाटावर. त्यांच्याच पैठणचे भट्ट घराणे त्याआधी काशीला येऊन स्थिरावले होते. त्या घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. पुढे इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणातले वाटणीचे दावे या ग्रंथाच्या आधाराने निकालात निघू लागले. पां. वा. काणे यांनी 1926 साली त्याची संपादित आवृत्ती काढली.

धर्मशास्त्रात ‘संभूयसमुत्थान’ नावाचे एक व्यवहारपदच आहे : अनेकांनी मिळून केलेला उद्योग. व्यापारी, शेतकरी, इतकेच काय यज्ञातले ऋत्विजही त्यात येतात. ज्याचे जेवढे भांडवल, तेवढा त्याचा नफा आणि तेवढाच तोटा. दुसरीकडे वाटणीच्या प्रकरणात न वाटता येणाऱ्या वस्तूंची यादी येते. मनूच्या यादीत वस्त्रे, शिजवलेले अन्न, पाणी आहे; टीकाकारांच्या अर्थाप्रमाणे वाहनही. बृहस्पतीला ही यादी पुरेशी वाटत नाही. वस्तू तोडता येत नसेल तर उपयोग वाटून घ्या, असा त्याचा रोख : विहिरीचे पाणी ज्याने त्याने गरजेप्रमाणे उपसून घ्यावे.

भावाचा करारनामा मी त्या संध्याकाळी पुन्हा वाचला. हँगरचे भाडे आणि विमा दरमहा सगळ्यांनी सारखा भरायचा. इंधन जो उडेल त्याचे. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी दर तासामागे ठरावीक रक्कम वेगळी ठेवायची. बाहेर पडणाऱ्याने आपला हिस्सा आधी सोबत्यांना विचारायचा. विमान कोणी कधी न्यायचे, ते दिनदर्शिकेत नोंदवायचे.

मग मावशीला फोन लावला. म्हटले, ‘‘पंखही नाही, शेपूटही नाही. विमान अख्खे आठही जणांचे. त्याने घेतली आहे ती पाळी.’’

‘‘विहिरीसारखी?’’

‘‘हो.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘‘मग त्याला सांग, सातही जणांना नीट पारखून घे. तुझ्या आजोबांच्या विहिरीला पाणी कमी नव्हते.’’

करारनाम्यात हे कलम नव्हते. मी ते तसेच भावाला कळवले.